मागच्या दाराचा माणूस

स्कूटीचा आवाज चिचेच्या वळणावर आला आणि लखन ताटावरून उठला.

अर्धा भात तसाच राहिला. त्यानं पंच्याला हात पुसला, मागच्या दाराची कडी काढली, कोठ्यात बांधलेल्या बैलांच्या मधून वाकून निघाला आणि शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं तलावाच्या पाळीकडं चालू लागला. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघे धरलेले. पण त्या दारातून जाताना त्याची पावलं वाजत नसत. दुर्पतानं त्याचा उरलेला भात आपल्या ताटात ओतला, रिकामं ताट चुलीमागं सरकवलं आणि पदर सावरत समोरच्या छपरीत येऊन बसली.

छातीत धडधडत होतं. दर वेळीच धडधडायचं. तलाठी आला तरी, जनगणनेवाला आला तरी, पोरांना सुया टोचणारी नर्स आली तरी. एका घरात भावजय आणि दीर राहतात, दोघं जेवतात, यात कुणाला काय दिसणार होतं? पण भेवाला हिशेब नसतो. भेव म्हणजे धानातलं तण, एकदा रुजलं की पेरावं लागत नाही.

शाळेच्या पुष्पांजली मॅडम अंगणात स्कूटी लावत होत्या. त्या सौंदडहून रोज मोहटोल्याच्या शाळेत येत. सव्वीस जानेवारीला शाळेला शहीद पतिराम मरसकोल्हे यांचं नाव लागणार होतं, आणि पतिरामचं चरित्र लिहिण्याचं काम त्यांच्याकडं आलं होतं. चार पानं लिहायची होती. गेला आठवडाभर त्या गावात ज्याच्या त्याच्या ओट्यावर बसून पतिरामविषयी विचारत होत्या. आज पाळी घरच्या माणसाची होती.

"आजी, जेवण झालं का?"

"होऊन राहिलं होतं. बसा ना मॅडम."

मॅडमनी वही उघडली, मोबाइल मधोमध ठेवला. त्यावर लाल ठिपका लागला.

"हे काय वो, लाल लाल?"

"तुमचा आवाज यात राहतो, आजी."

"राहते म्हंजे? मी गेली तरी?"

"हो. गेल्यावरही."

दुर्पतानं ठिपक्याकडं असं पाहिलं, जसं गवतातल्या विंचवाकडं पाहावं.

सुरुवातीचं सोपं होतं. पतिराम कसा होता? हसरा होता. झोपेत हसायचा. सुटीवर आला की बैलांना कवायत शिकवायचा, औतावर उभा राहून "दाहिने मूड" म्हणायचा, आणि बैल डावीकडं गेले की त्यांनाच सलाम ठोकायचा. दिवाळीच्या दंडारीत बाईचं सोंग घ्यायचा. त्याच्या पायातले चाळ वाजले की म्हाताऱ्यासुद्धा पान थुंकून पुढं सरकायच्या. भरतीला गेला तो नव्या चपला हातात धरून, झिजू नयेत म्हणून.

"लग्नानंतर किती दिवस सोबत होतात?"

"एक्केचाळीस," दुर्पता लगेच म्हणाली. "दोन सालाचं लगन. घरी होता एक्केचाळीस दिवस. मी मोजले आहेत."

मॅडमनी तो आकडा लिहिला. मग त्यांनी हळूच विचारलं, "पूर्ण नाव सांगता आजोबांचं?"

"पतिराम बिरजू मरसकोल्हे. शिपाई. एकाहत्तरच्या लढाईत, डिसेंबर म्हैन्यात, शहीद."

शाळेतल्या पोरीनं पाढा म्हणावा तसं ते आलं. कचेऱ्यांनी ते नाव तिच्या जिभेवर घासून घासून नदीच्या गोट्यासारखं गुळगुळीत केलं होतं.

"मुलं?"

"एकच. चंद्रकुमार. बाहात्तरचा. गोंदियात कुडव्याले राहते, मोटरसायकली दुरुस्त करते."

बाहात्तर. हेही ती न अडखळता म्हणाली. कागदावर तेच होतं.

"आणि आता घरी कोण कोण असतं?"

"मी अन् माहा देर."

"त्यांचं नाव?"

दुर्पतानं लुगड्यावर पडलेलं भाताचं शीत वेचलं.

"आजी, दिरांचं नाव?"

"लिवा ना, चंदूचा काका."

"अहो काका झाला, पण नाव हवं ना वहीत."

दुर्पतानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. बाहेर कोंबडी ओरडली तिच्याकडं पाहिलं. मग खाली मान घालून, गालात किंचित लाजत, ती म्हणाली, "तो नाही का... रामाच्या पाठी वनात गेला तो."

मॅडम हसल्या. "लखन!" त्यांनी लिहिलं. आणि लिहिताना त्यांचा हात मधेच राहिला.

त्या काही पुण्या-मुंबईच्या नव्हत्या. त्यांच्या आईनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानातही ती बोटानं गणपतीचं कॅलेंडर दाखवायची आणि दुकानदार समजून घ्यायचा. मेलेल्या नवऱ्याचं नाव घडाघडा घेणारी, आणि दिराच्या नावाशी नवरीसारखी अडखळणारी बाई त्यांनी आजच पाहिली. त्यांनी वर पाहिलं. दुर्पतानं त्यांना पाहताना पाहिलं.

ठिपका लाल होता. तोंडातून गेलं ते गेलं.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. वही मिटली, मोबाइल उचलला. "आजी, उद्या मी गोंदियाला जाते. सैनिकांच्या कचेरीत जुने कागद बघायचे आहेत. फुलचूरला केशोराव म्हणून एक म्हातारे आहेत, आजोबांच्याच पलटणीतले. त्यांनाही भेटेन. मग येते."

"येजा," दुर्पता म्हणाली.

गोष्ट अशी होती.

पतिराम गेल्याची तार आली तेव्हा दुर्पता अठरा वर्षांची होती. मूल नव्हतं. दीड वर्षानं सासूनं, जातीच्या चार म्हाताऱ्यांना बसवून, रीतीप्रमाणं लहान दिराच्या हातून तिच्या हातात चुडी भरली. यात चोरी नव्हती. गोंडाच्या घरात थोरल्यामागं धाकट्यानं भावजय सांभाळायची, हे वाडवडलांपासून चालत आलेलं. पण त्याच महिन्यात पेन्शनच्या कामासाठी सासरा भंडाऱ्याला गेला, आणि कचेरीबाहेर झाडाखाली बसणाऱ्या एका अर्जनवीसानं त्याला सांगितलं, "विधवा दुसऱ्याच्या घरी बसली की पेन्शन बंद. वरून जेल." सासऱ्यानं पुढं काही विचारलं नाही. विचारायचं कुणाला, आणि कुठल्या तोंडानं? तो पायी घरी आला, दार लावून घेतलं आणि म्हणाला, "चुडी उतरव, पोरी. कागदावर तू पतिरामचीच."

तेव्हापासून लखनची खाट कोठ्यात गेली. पंच्याहत्तरला चंदू झाला, तर गुरुजींनी शाळेच्या दाखल्यात त्याला तीन वर्षांनी मोठा केला आणि बापाच्या नावावर पतिराम लिहिलं. सारं गाव जाणत होतं आणि सारं गाव गप्प होतं. तलावाची पाळ जशी सगळ्यांनी मिळून राखायची, तसं गावानं ते राखलं. चंदू लखनला काका म्हणतच मोठा झाला. दर वर्षी तो कुडव्याहून यायचा आणि वर्दीतल्या फोटोला हार घालायचा. दुर्पता दर वर्षी कागदावर अंगठा द्यायची: मी पुन्हा लग्न केलेलं नाही. प्रत्येक अंगठ्यागणिक तिला वाटायचं, हा शेवटचा, पुढच्या वेळी हातकडी.

दिवस कलता कलता लखन पाळीवरून परत आला. दुर्पतानं सगळं सांगितलं. तो ऐकत चुलीसमोर बसून राहिला.

"पन्नास साल कागद सांभाळले," तो शेवटी म्हणाला, "अन् तुही जीभ अडकली. माहं नाव काय जहर आहे का वो? घेतली असती तर मरत होती?"

"तुम्हीच मेले असते," ती रडता रडता म्हणाली. "घरच्याचं नाव घेतलं का त्याचं आयुष्य घटते. मले नाही घेता येत."

लखन हसला, पण ते हसू चुलीतल्या धुरासारखं लगेच डोळ्यांत गेलं. "मी वडस्याले बहिनीकडं जातो. मीच नसलो तं कोनाले काय भेटते? तू म्हन, देर होता, गेला."

"अन् मी?"

"तू शहिदाची विधवा आहेस. तुले कोन काय करते?"

पुढचे तीन दिवस दुर्पता शेतातच राबली. धान कापायचं चालू होतं. बांधीत बायका वाकून विळा चालवत होत्या आणि त्यांच्या गाण्यात अजूनही तीच ओळ यायची, जी एकाहत्तरच्या त्या अगहन महिन्यात कुणीतरी पहिल्यांदा जोडली होती:

आंब्याच्या झाडाखाली कोन शिपाई उभा वो
दुर्पताच्या कुंकवाचा पूर्वेकडे दिवा वो

इतकी वर्षं ती हे ऐकत आली होती. आज तिला वाटलं, तो शिपाई खाकी वर्दीतला आहे, आंब्याखाली काठी आपटत उभा आहे आणि तिच्याच दाराकडं पाहतो आहे. जंगलातल्या कॅम्पकडं जाणारी पोलिसांची गाडी गावातून धूळ उडवत गेली, तर ती कापलेल्या धानाच्या पुंजण्यामागं बसली आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही उठली नाही. विळा हातात तसाच. शेजारच्या सुलोचनाबाईनं विचारलं, "काय झालं वो, भूत पाहिली का?"

"हाव," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी लखन निघाला. थैलीत दोन धोतरं, एक घोंगडी. पहिल्यांदाच तो समोरच्या दारानं गेला, कारण आता परत यायचं नव्हतं. दुर्पता उंबऱ्यात उभी राहिली नाही. उभी राहिली असती तर लोकांनी पाहिलं असतं.

आणि दुपारी, चिचेच्या वळणावर, स्कूटी.

दुर्पताला पळून जावंसं वाटलं, पण मागचं दार तिचं नव्हतं. ती छपरीतच बसली, हात मांड्यांखाली दाबून. पुष्पांजली मॅडम समोर येऊन बसल्या. आज त्यांनी मोबाइल काढून दाखवला, बंद होता.

"आजी, घाबरू नका. मी कुणाचं नाव घेतलं नाही. कचेरीत एक जुने बाबू आहेत, त्यांना नुसतं विचारलं. म्हटलं, समजा शहिदाच्या बायकोनं दिराशीच लग्न केलं असेल, तर?"

दुर्पतानं डोळे मिटून घेतले.

"ते म्हणाले, तर काही नाही. दिराशी केलं तर पेन्शन जात नाही. जुनाच नियम आहे म्हणे, पहिल्यापासूनचा. फक्त तसं लिहून द्यायचं. परक्याशी केलं तर गोष्ट वेगळी."

दुर्पतानं डोळे उघडले.

"पुन्हा म्हना," दुर्पता म्हणाली.

मॅडमनी पुन्हा सांगितलं.

"पहिलेपासून?"

"पहिल्यापासून."

दुर्पताला आनंद झाला नाही. तिला आठवली ती कोठ्यातली खाट. पूस महिन्याच्या थंडीत बैलांच्या अंगाला लागून झोपलेला तो. चंदूला ताप आला तर काकासारखा दारातून विचारून मागं फिरणारा तो. एका झाडाखालच्या माणसानं अर्धा नियम सांगितला होता, आणि त्या अर्ध्यावर त्यांचा सारा जन्म टांगला होता. हे त्याला कसं सांगायचं? हे भेव सरकारपेक्षाही मोठं होतं.

"तो गेला मॅडम," ती म्हणाली. "सौंदडच्या ठेसनावर. वडस्याच्या गाडीनं."

मॅडमनी किल्ली उचलली. "बसा मागं."

एकाहत्तर वर्षांत दुर्पता कधी स्कूटीवर बसली नव्हती. तिनं मॅडमच्या कमरेला अशी मिठी मारली, की मॅडम म्हणाल्या, "आजी, श्वास तर घेऊ द्या!" रस्ताभर खड्ड्याखड्ड्याला ती देवाचं, पेनबापाचं, नाव घेत राहिली.

लखन स्टेशनच्या टोकाला, नळाजवळच्या बाकावर बसला होता. दोघींना पाहून तो उभा राहिला आणि सवयीनं इकडंतिकडं मागचं दार शोधू लागला. स्टेशनला मागचं दार नसतं. दुर्पतानं त्याची थैली धरली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बाबू काय म्हणाला, नियम कवाचा, अर्जनवीसानं अर्धंच सांगितलं. सांगून झाल्यावर ती त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली, जसं भिंत कोसळायची वाट पाहावी.

लखन खाली बसला. "मले कायले सांगता हे?" तो हळूच म्हणाला. "मले सरकारचं भेव कवाच नोहोतं."

"मंग कायले पळत होते? पन्नास साल?"

त्यानं मॅडमकडं पाहिलं, मग रुळांकडं.

"मॅडम, आमच्यात मानूस बाहेर मेला तर त्याचा जीव पान्यातून घरी आनतात. तलावावर जायचं, त्याचं नाव घ्यायचं, पंचा पान्यात फिरवायचा. जे जित्तं लागंल, मासोळी म्हना, झिंगा म्हना, तो त्याचा जीव. त्याले मडक्यात घालून घरी आनायचं, पुरखाईत, वाडवडलाच्या जागेत, बसवायचं. मंग तो घरचा देव. दादाचं मढं नाही आलं. बाबानं पंचा माह्या हाती देल्ला. तीनदा फिरवला. काहीच नाही लागलं. चिखलसुद्धा नाही. दिवस बुडून राहिला होता, माय काठावर लोळून रडून राहिली होती. मी रिकामी मूठ मडक्यात घातली अन् म्हनलो, आला. झिंगा आहे."

दुर्पताचा हात तोंडावर गेला.

"साऱ्यांनी मडक्याले हात जोडले. मडक्यात काहीच नोहोतं वो. दादा आलाच नाही. मंग मी त्याच्या बायकोच्या हातात चुडी भरली. ते गानं म्हनतात ना, आंब्याखाली शिपाई उभा आहे म्हनून? मले तो दिसे. दारात कोनाचंही पाऊल वाजलं का मले वाटे, दादा आला. मेलाच नोहोता, अन् आला. मंग मी त्याले काय सांगू? म्हनून मागच्या दारानं."

गोंदियाकडून येणाऱ्या गाडीची घोषणा हिंदीत झाली. कुणीच हललं नाही.

पुष्पांजली मॅडमनी पिशवीतून वही काढली, पण उघडली नाही. "लखनबाबा," त्या म्हणाल्या, "फुलचूरच्या केशोरावांना मी भेटले. नव्वदीला आलेत, पण बुद्धी शाबूत आहे. ते शेवटी सोबत होते. त्यांनीच मातीत ठेवलं."

लखननं मान हलवली. "दुसरा कोनी असंल. लढाईत कोनाले काय वळखू येते?"

"मीही तेच विचारलं. ते म्हणाले, डाव्या पायाच्या अंगठ्याला नख नव्हतं. बूट काढताना पाहिलं."

लखननं आपल्या पायाच्या अंगठ्याकडं पाहिलं. "बैलानं पाय देल्ला होता," तो म्हणाला. "औत मीच हाकून राहिलो होतो. दहा सालाचा होतो मी. मले मार पडू नये म्हनून दादानं बाबाले सांगतलं, दगड पडला."

"बाकीच्यांना अग्नी दिला. पण पतिरामनं केशोरावांना आधीच सांगून ठेवलं होतं, आमच्यात मातीत ठेवतात, डोकं दक्षिणेला. म्हणून त्यांनी वेगळा खड्डा केला. स्वतः."

"माती कशी होती?" लखननं विचारलं. हा प्रश्न मॅडमना अपेक्षित नव्हता. त्यांनी वही उघडली, बोट फिरवलं.

"बांधी होती, म्हणाले. नुकतंच धान कापलेलं. उरलेल्या बुडख्यांचे फण खुपत होते पायाला."

लखननं मान खाली घातली. खांदे हलू लागले. दुर्पता त्याच्याजवळ बाकावर बसली. लोक पाहत होते, चणेवाला पाहत होता, तिकिटवाला पाहत होता. पण ती बसून राहिली, आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बऱ्याच वेळानं मॅडम म्हणाल्या, "मला चार पानं लिहायची आहेत. तुम्ही म्हणाल तेच लिहीन. नाही म्हणालात तर हे कुणालाच कळणार नाही."

दुर्पतानं लखनकडं पाहिलं. लखननं पंच्यानं डोळे पुसले.

"आधी चंदूले सांगा लागते," तो म्हणाला. "मंग लिवा."

"त्यानं तोंड पाहिलं नाही तर आपलं?" दुर्पता कुजबुजली. "पन्नाशीचा झाला तो. त्याची पोरगी दिव्या कालेजात जाते. साऱ्यांनी काय समजायचं?"

"भेव मलेही लागून राहिलं," लखन म्हणाला. "तुहा फोन दे."

तिनं कमरेतला फोन काढला. तिच्यानं बटण दाबवेना, मॅडमनी लावून दिला. लखननं तो कानाला असा धरला, जसं जळतं लाकूड धरावं. पलीकडून हातोडीचा ठोका ऐकू आला, मग गाडीची घुरघुर, मग चंदूचा आवाज.

"हां काका, बोल. काय झालं? माय बरी आहे ना?"

"बरी आहे. माह्याजवळच बसली आहे."

"मंग? आवाज काऊन असा? कोनी मेलं का?"

"नाही रे, कोनी नाही मेलं," लखन म्हणाला. त्यानं दुर्पताचा हात चाचपडत शोधला आणि सापडल्यावर घट्ट धरला. "मेला तो एकाहत्तर सालीच, बाबू. माहा दादा. तुहा बाप नाही, मोठा बाप."

हातोडी थांबली. गाडीची घुरघुरही कुणीतरी बंद केली.

"हां," चंदू शेवटी म्हणाला. "आयकून राहिलो."